थानूच्या नावाचा पट्टा

कोरात,
ता. ३ फेब्रुवारी

चि. वानपेन हिला दादाचे अ. उ. आ.

वि. वि. नव्या ‘नाखा’ पट्ट्याची किंमत डबीवर बाराशे नव्वद बात छापलेली आहे. मला तो पडला असा: दर्शनी काचेचं कपाट एक, पुढचे दात दोन (माझे नव्हेत, पण पडले माझ्याच फरशीवर), डाव्या तळहाताला टाके नऊ आणि उजव्या पायाचा घोटा. घोटा मुरगळलेला नाही, मोडलाय. डॉक्टरने गुडघ्यापर्यंत प्लास्टर ठोकलं आणि सहा आठवडे गल्ल्यावरून हलायचं नाही म्हणून दम दिला. मी त्याला सांगितलं की तीस वर्षं मला गल्ल्यावरून कोणी हलवू शकलेलं नाही, तू निर्धास्त राहा.

झालं असं. मनगटाला बांधला की पावलं, नाडी, झोप सगळं मोजणारा हा पट्टा. कोरातची एजन्सी मला मिळाली आणि समोरच्या गाळ्यातल्या हेंगच्या पोटात दुखायला लागलं, कारण तो ‘हाओ’ नावाचा तीनशे नव्वदचा पट्टा विकतो. उद्घाटनाच्या दिवशी त्याच्या विक्रेत्याने कर्णा लावून ओरडायला सुरुवात केली की नाखा म्हणजे श्रीमंतांची बांगडी, चालायचं असेल तर हाओ घ्या. एक हाओ विकत आणला, छताच्या पंख्याला बांधला, पंखा सुरू केला आणि जमलेल्या लोकांना चहा पाजला. चहा संपेपर्यंत पंखा चार किलोमीटर चालून आला होता. लोक पोट धरधरून हसले.

पण गर्दीत एक टुकटुकवाला होता. त्याने आदल्याच दिवशी हाओ घेतला होता आणि रोज अकरा किलोमीटर चालतो म्हणून बायकोला सांगितलं होतं. बायको शेजारीच उभी होती. तिने पंख्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं की तुम्ही चालता की लटकता. तो पिसाळला. समोर हेंगचा विक्रेता सापडला, त्याचे दात पाडले. हेंग माझ्या गल्ल्यावरून उडी मारून आला, मी कपाटावर गेलो, कपाट माझ्यावर आलं. पोलीस आले तेव्हा पंखा साडेपाच किलोमीटरवर होता.

असो. तर बसवाला थोंग याच्याबरोबर आठ पट्टे पाठवतोय. मेव्हण्यांच्या तालमीतल्या पोरांना सात आणि लाल रंगाचा थानूला. त्याच्या नावावर चढवूनच पाठवलाय. बावीस तारखेला देवळाच्या जत्रेत तो लढणार आहे ना, तेव्हा हा पट्टा दंडावर, तू रक्षेची चिंधी बांधतेस तिच्याखाली बांधायचा. नाडीचे आकडे तिथून मेव्हण्यांच्या फोनवर आणि फोनवरून माझ्या दुकानातल्या टीव्हीवर. सगळं कोरात माझ्या भाच्याचं काळीज बघणार. जत्रेच्या आयोजकाशी बोलून ठेवलंय. थानूलाही कळवलंय, तो हरखलाय.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण गेल्या सोंगक्रानच्या सणाला झालं तसं तिसऱ्या वाक्याला आपली जुंपली असती. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण.

मेव्हण्यांना नमस्कार. ते उत्तर देणार नाहीत हे ठाऊक आहे, तरी सांग. लोभ आहेच, पायाकडे बघून थोडा जास्त कर.

तुझा,
बुनलर्तदादा


बान नोंगसाय, जि. बुरीराम
ता. ८ फेब्रुवारी

ती. दादास वानपेनचा सा. न.

वि. वि. पट्टे पोचले. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तालमीत रक्त सांडलं. पाणसाठ्याभोवती दोन पोरं बरोबर पळाली. एकाच्या हातात तुझा नाखा, दुसऱ्याच्या हातात त्याने बुरीरामच्या बाजारातून घेतलेला हाओ. नाखाने साडेसहा किलोमीटर सांगितले, हाओने आठ. हाओवाला म्हणायला लागला की मी दीड किलोमीटर जास्त पळालो. दुसरा म्हणाला की तू काय मधेच घरी जाऊन आलास का. त्यावरून लाथा. एकाची भुवई फाटली, दुसऱ्याचा अंगठा उलटा झाला. यांनी दोघांना ओढून वेगळं केलं आणि पुन्हा पळायला लावलं. बोलले काहीच नाहीत. तुझा नमस्कार सांगितला, तेव्हाही काही बोलले नाहीत.

दादा, चेष्टा पुरे. तुला थानूचं सांगायचं आहे आणि ते तू बसून वाच. बसलेलाच आहेस म्हणा.

डिसेंबरात सुरीनच्या लढतीत त्याच्या कानामागे कोपर बसलं. तो पडला, पंचाच्या सातव्या आकड्याला उठला आणि लढत जिंकला. तुला जिंकल्याचं कळवलं होतं, बाकीचं नाही. परतीच्या गाडीत त्याने मला तीनदा विचारलं की आज लढत कोणाची आहे. जानेवारीत पुन्हा मानेवर लाथ. तेव्हापासून जिना उतरताना भिंत धरतो. परवा दात घासायचा ब्रश हातात धरून बराच वेळ उभा होता, त्याचं काय करायचं ते आठवत नव्हतं. मी पाहतेय म्हटल्यावर हसला.

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी कागदावर लिहून दिलं की तीन महिने डोक्याला एकही मार लागता कामा नये, आणि बुरीरामला जाऊन डोक्याचा फोटो काढा. यांनी कागद वाचला, घडी घातली, देव्हाऱ्यातल्या मूर्तीमागे ठेवला. तेव्हापासून तो तिथेच आहे. या माणसाच्या मनात काय चाललंय ते चोवीस वर्षांत मला कळलेलं नाही.

आणि त्यात तुझा पट्टा आला. आता रोज सकाळी थानू माझ्यासमोर मनगट धरतो. नाडी बावन्न. झोप शंभरात नव्वद. खाली हिरव्या अक्षरांत ‘तंदुरुस्ती उत्तम’. म्हणतो की आई, डॉक्टर बाईंनी मला पाच मिनिटं पाहिलं, हा मला दिवसभर पाहतो.

माझं तो ऐकणार नाही. आईने नको म्हणायचंच असतं, असं त्याला वाटतं. तुझं ऐकेल. तू त्याला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही की पट्टा नाडी मोजतो, पावलं मोजतो, पण डोक्याच्या आत काय झालंय ते त्याला कळत नाही. म्हणून बावीसला लढू नकोस. दोनच ओळी. एवढंच मागते.

मी स्वतः काय करणार? मी त्यांच्या हाताच्या पट्ट्या धुते, चिकट भात रांधते, टाके काढते. रिंगला आजवर बोट लावलेलं नाही. बाईचा हात लागला तर रिंग विटाळते, लढणाऱ्यांची कवचं गळून पडतात, हे आपल्या बाबांनीच मला पहिलं शिकवलं. लढत असते तेव्हा मी सहा हात लांब उभी असते.

घोट्यावर प्लाईच्या कंदाचं तेल चोळू नकोस, प्लास्टरवर त्याचा उपयोग नसतो. राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी,
वानपेन


कोरात,
ता. १२ फेब्रुवारी

चि. वानपेनला अ. उ. आ. आणि थोडी क्षमायाचना.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी इकडचं सांगतो म्हणजे तुला माझी अवस्था कळेल.

मंगळवारी एका हवालदाराची बायको दुकानात आली, हातात कच्च्या पपईचं सोमतम कुटायचा लाकडी बत्ता. नवऱ्याला वाढदिवसाला नाखा तिनेच दिला होता. तो दुपारी दोन ते तीन चौकीत झोपतो असं सांगायचा, आणि पट्टा त्या तासाला एकशे चाळीस नाडी दाखवत होता, रोज. ती मला विचारत होती की चौकीत अशी कोणती झोप मिळते. मी म्हणालो की बाई, स्वप्न वाईट पडत असेल. तिने बत्ता टेबलावर असा आपटला की तीन डब्या खाली. मग नवऱ्याला शोधायला गेली. तो सापडला. आता सरकारी इस्पितळात माझ्या घोट्याचाच डॉक्टर त्याच्या बरगड्यांचं बघतो. मात्र त्या बाईने बाजारभर सांगितलं की नाखा खोटं बोलत नाही, आणि संध्याकाळपर्यंत अकरा बायका पट्टा घ्यायला आल्या.

लामदुआन मावशी, शेवयांची गाडीवाली, जागेवरून न उठता दिवसाला अठरा हजार पावलं चालते, कारण ती कढई ढवळते. सुनेला म्हणते की तू माझ्या निम्मीसुद्धा चालत नाहीस. सुनेने तिच्या अंगावर रस्सा ओतला. मोटारसायकलवाल्यांनी वेगळीच तक्रार आणली: खड्ड्यांच्या रस्त्यावर पट्टा त्यांना पळवतो आणि गुळगुळीत रस्त्यावर मेलेलं समजतो.

गुरुवारी हेंगने दोन माणसं पाठवली. लोखंडी गज घेऊन आले, माझा टीव्ही फोडला. मी खुर्चीतून उठू शकत नव्हतो, पण कुबडी लांब असते. एकाच्या नडगीचा आवाज मला अजून ऐकू येतो. आपण लहानपणी बांबू मोडायचो तसाच. दुसरा त्याला खांद्यावर टाकून पळाला. आता नवा टीव्ही आणलाय, आधीपेक्षा मोठा.

तुझ्यापासून लपवत नाही: काल दार लावून तीन पट्टे एकाच हातावर चढवले, नाखा, हाओ आणि एक महागडा परदेशी. एकाने नाडी एकाहत्तर सांगितली, एकाने चौऱ्याऐंशी, आणि परदेशी म्हणाला की दीर्घ श्वास घ्या, आपण चिंतेत आहात. मी चिंतेत होतो हे खरं. तुझं पत्र समोर होतं.

पण वानपेन, माझंही बघ. बसस्टँडबाहेर गळ्यात ताटली अडकवून घड्याळाचे पट्टे विकायचो, तिथून या तीन गाळ्यांपर्यंत मी तोंडाच्या जोरावर आलो. त्याच तोंडाने स्टुलावर उभं राहून सगळ्या कोरातला सांगितलंय की कोण धडधाकट आणि कोण नाही ते हा पट्टा सांगतो. आता माझ्याच हातचा कागद निघाला की त्याला काही कळत नाही, तर तो कागद तालमीत या हातातून त्या हातात जाईल आणि संध्याकाळच्या बसने हेंगच्या गल्ल्यावर पोचेल. तो त्याची चौकट करून लावेल.

म्हणून मधला मार्ग काढलाय. थानूला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे की जपून लढ, हात वर ठेव, डोकं सांभाळ. शिवाय मी टीव्हीसमोर बसलेला असेन. आकडा लाल झाला रे झाला की मेव्हण्यांना फोन करीन आणि ते टॉवेल फेकतील. झालं की नाही?

मेव्हण्यांचं तू मनाला लावून घेऊ नकोस. काही माणसं तशीच घडतात. त्यांच्या हाताला मी पट्टा बांधला असता, पण पट्ट्याला वाटेल की आपल्याला कोणीतरी टेबलावर विसरून गेलं.

थोंगबरोबर शेवया आणि वाळवलेलं मांस पाठवलंय. लोभ कमी करू नकोस, मी कुठेही पळून जाऊ शकत नाही.

तुझा,
बुनलर्तदादा


बान नोंगसाय,
ता. १८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

वि. वि. तुझी चिठ्ठी थानूने वाचली आणि उशाशी चिकटवली. जपून लढ म्हणजे लढ, असं त्याने मला वाचून दाखवलं. बरोबरच वाचलं त्याने.

काल सरावाची घंटा झाली आणि ती त्याला ऐकू आली नाही. समोरचा सोळा वर्षांचा मुलगा हात खाली करून वळला होता. थानूने त्याला मागून लाथ घातली, पाडला, छातीवर बसून कोपरं मारत राहिला. तिघांनी ओढला तेव्हा सुटला. मुलाचा गाल उघडला होता, आतले दात बाहेरून दिसत होते. थानू उठला, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं की सगळे माझ्याकडे असे का बघताय. मग मनगट पाहिलं. पट्ट्याने लिहिलं होतं की आजचा व्यायाम सर्वोत्तम.

हे मुलाला मोटारसायकलवर पुढे धरून दवाखान्यात घेऊन गेले. आल्यावर हात धुतले, जेवले. मी विचारलं की आता तरी बावीसची लढत सोडताय का. म्हणाले की शब्द दिलाय. एवढंच.

दंडाच्या चिंध्या मी फाडल्या आहेत, त्याला जन्म दिला त्या वर्षी मी नेसायचे त्या सारोंगच्या. दरवेळी तोच सारोंग फाडते. आता काठ तेवढा उरला आहे.

मी रागावलेली नाही. रागवायला सवड नाही. लोभाचं नंतर बघू.

वानपेन


कोरात,
ता. २३ फेब्रुवारी, पहाटेच्या बसने

चि. वानपेन हिला दादाचे अनेक, अनेक, अनेक उ. आ.!

वि. वि. अगं, काय सांगू! काल चार वाजल्यापासून माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सव्वाशे माणसं, बाहेर आणखी. लामदुआन मावशीने गाडीच आत आणली. हवालदाराची बायको पहिल्या रांगेत, बत्त्यासकट. हेंग समोरच्या गाळ्यातून मान लांब करून बघत होता. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत ‘थानू’ आणि खाली त्याची नाडी.

पहिल्या फेरीला एकशे अठरा. मी लोकांना समजावून सांगत होतो की बघा, समोर माणूस लाथा घालतोय आणि पोरगा असा, जसा काही नदीवर बसलाय. दुसऱ्या फेरीला एकशे छत्तीस, मग एकशे एकोणपन्नास. कोणीतरी म्हणालं की घाबरला. मी कुबडी उगारली आणि म्हणालो की घाबरलेल्याची नाडी उड्या मारते, ही पायरी पायरीने चढतेय, ही रागाची नाडी आहे! तिसऱ्या फेरीत एकशे बासष्ट, अडुसष्ट, आणि मग एकाएकी एकशे एक्याण्णव! वानपेन, सगळं दुकान उभं राहिलं. मीसुद्धा उभा राहिलो, एका पायावर. आम्हाला कळलं की आता त्याने गळ्यात हात घालून गुडघे मारायला घेतले. जवळजवळ मिनिटभर एक्याण्णवच्या खाली आलाच नाही. आणि मग फट्कन सगळं बंद. पडदा काळा.

त्यावरून इथे मारामारी झाली ती वेगळी. एकजण म्हणाला की नाखा फुसका, ऐनवेळी मेला. दुसरा म्हणाला की पोरगाच मेला. त्या दुसऱ्याच्या डोक्यात हवालदाराच्या बायकोने बत्ता घातला, माझ्या आधी. मी मेव्हण्यांना चौदा फोन केले, उचलला नाही. मग रात्रीची बस घेऊन थोंग आला आणि त्याने सांगितलं की जत्रेत दंगल झाली, खुर्च्या उडाल्या, पण थानूला त्याने स्वतःच्या पायांनी ट्रकपर्यंत चालत जाताना पाहिलं. तुझ्या डोक्याला पट्टी होती म्हणाला. खुर्ची लागली का? तो असंही म्हणाला की कोणी बाई रिंगमध्ये चढली आणि लढत मोडली. समोर लढणाऱ्या त्या नांगरोंग गावच्या पोराकडची असणार. हरायला लागले की ही माणसं काय वाटेल ते करतात.

ते जाऊ दे. पण काळीज, वानपेन, काळीज! ते आपल्या घराण्याचं. बाबांचं. एकशे एक्याण्णव आणि हटला नाही! लोकांनाही मी हेच सांगितलं की असे आकडे रिंगमधल्या वाघाचे असतात, आणि हे रक्त आईकडचं आहे, बापाकडचं असतं तर पडदा पहिल्यापासूनच काळा राहिला असता. सगळे पट्टे संपले. उरलेल्यांनी नावं नोंदवली. हेंगने तेव्हाच शटर ओढलं.

तू उगाच घाबरत होतीस. मीही थोडा घाबरलो होतो, आता कबूल करतो. पोराला माझा मुका दे. लगेच कळव आणि लोभ दुप्पट कर.

तुझा,
बुनलर्तदादा


बुरीराम इस्पितळ, दुसरा मजला
ता. २७ फेब्रुवारी

ती. दादास वानपेनचा सा. न.

वि. वि. ती बाई मी.

पहिल्या फेरीत थानूने नुसता मार खाल्ला. दुसऱ्या फेरीत भुवईवर कोपर बसलं आणि डोळा रक्ताने भरला. त्याला फारसं महत्त्व नाही, भुवया मी खूप शिवल्या आहेत. मी त्याचे पाय बघत होते. डावी टाच तो उचलतच नव्हता. मी सहा हातांवरून यांना म्हणाले की टॉवेल टाका. टॉवेल यांच्या मांडीवर होता. हात टॉवेलवर होता. तोंड दगडाचं. उचलला नाही.

तिसऱ्या फेरीत नांगरोंगच्या पोराने मानेवर लाथ मारली. थानू पडला नाही. दोन पावलं मागे गेला, रिंगच्या मधोमध आला, गुडघ्यावर बसला, आणि त्याने दोन्ही हात जोडून हळूच जमिनीला तीनदा कपाळ टेकवलं. मग एक पाय मागे लांब करून झुलायला लागला. दादा, तो गुरुवंदनेचा नाच करत होता. लढत सुरू होण्याआधीचा. त्याला वाटत होतं की अजून सुरूच झालेली नाही.

लोक हसले. त्यांना वाटलं की समोरच्याला चिडवतोय. शिट्ट्या मारल्या, पैज लावणाऱ्यांनी बोटं वर केली. सनईवालाही चळला आणि त्याने वंदनेचा सूर धरला. पंच थानूला उठ म्हणून हात करत होता. नांगरोंगचं पोरगं लालबुंद झालं होतं. त्यालाही वाटलं की आपली टिंगल चाललीय. त्याने अंतर मोजून मागे पाऊल घेतलं. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ घालायला जेवढं लागतं तेवढं.

मी कधी पोचले ते मला आठवत नाही. दोराला हात लावला ते आठवतं. तो ओला होता. खालून सरपटत जायला वेळ नव्हता, म्हणून मी वरच्या दोरावरून गेले, सारोंग गुडघ्यापर्यंत ओढून, शेकडो माणसांसमोर. थानूवर आडवी पडले. लाथ माझ्या खांद्यावर बसली. मग सनई बंद, ढोल बंद. ते पोरगं दोन्ही हात वर करून मागे सरलं, जसं काही मी पेटलेली होते. पंच रिंगमधून उडी टाकून उतरला. थानूने माझ्या कानाशी विचारलं की आई, लढत कोणाची आहे.

मग पहिली बाटली आली. ज्यांचे पैसे लागले होते ते चहूबाजूंनी चढले. मला केसाला धरून ओढलं. म्हणत होते की रांडेने रिंग बाटवली, हिला इथेच गाडा. लोखंडी स्टूल डोक्यात बसलं, अकरा टाके. थानूला मी सोडलं नाही, त्याचं डोकं पोटाखाली धरलं होतं. एकाने माझ्या बोटांवर बूट ठेवला आणि पिळला. डाव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. हे पत्र उजव्याने लिहितेय, अक्षर म्हणून बरं आहे.

तेवढ्यात हे आले. चोवीस वर्षांत मी यांना तालमीबाहेर कोणावर हात उगारताना पाहिलेलं नव्हतं. बूटवाल्याचा जबडा मोडला, स्टूलवाल्याचा हात मागे नेऊन खांद्यातून काढला, तिसऱ्याला दोरावरून खाली फेकला. चौथ्याला मारताना यांचा स्वतःचा हात मोडला, तरी त्याच हाताने पुढचे दोन ठोसे मारले. हाड आतून वाजताना मी ऐकलं. मग आम्हा दोघांच्या पुढे उभे राहिले. पोलीस येईपर्यंत वर कोणी चढलं नाही.

इथे आणून डोक्याचा फोटो काढला. कवटीच्या आत रक्त साठलं होतं, जुनं, सुरीनचं, त्यावर नवं. चोवीस तारखेला छिद्र पाडून काढलं. डॉक्टरांनी मला खिडकीजवळ नेऊन सांगितलं की ती लाथ बसली असती तर त्यांच्याकडे आणायची गरज पडली नसती. थानू जिवंत आहे. लढणं संपलं. दात घासायचा ब्रश दिला तर आता त्याला कळतं. माझ्याशी बोलत नाही. मी पेज भरवते, तोंड उघडतो, गिळतो आणि भिंतीकडे तोंड फिरवतो. कालपर्यंत भिंतीकडे बघत होता, आज छताकडे बघत होता. तेवढी सुधारणा आहे.

आयोजकांनी तालमीचं नाव यादीतून काढलं. ज्या रिंगला मी हात लावला ती त्यांनी जाळली, खांबांसकट. पोरं आपापली गाठोडी घेऊन गेली. आता हे काय करणार ते मी विचारलेलं नाही. आज सकाळी देव्हाऱ्यातला तो कागद यांच्या खिशात सापडला. घड्यांवर फाटलाय. किती वेळा उघडून वाचला असेल कोण जाणे.

तुला दोष द्यायला पत्र लिहीत नाही. दोन ओळी मागितल्या होत्या, दिल्या नाहीस, एवढं तुलाही ठाऊक आहे. पाय बरा झाला की ये. पट्टे आणू नकोस. पपया आण, इथल्या चांगल्या नाहीत.

लोभ होता तेवढा आहे. वाढवायचं काम सध्या तुझ्याकडे.

तुझी,
वानपेन

ता. क. टीव्हीवरच्या आकड्यांबद्दल. अंगावर कडक वस्तू चालत नाही म्हणून लढतीआधीच पंचाने थानूच्या दंडावरचा पट्टा काढायला लावला. हरवू नये म्हणून यांनी तो स्वतःच्या मनगटावर चढवला होता. सुजलेल्या हातावरून नर्सने तो इथे कात्रीने कापून काढला. पहिल्या फेरीपासून मी दोर ओलांडेपर्यंत हे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते.